वरची कड फाटलेला कागद

१

बारा वाजता सही व्हायची होती. बारा वाजून पाच मिनिटांनी वेन डिलार्डने पेनाचं टोपण परत लावलं.

दुकानाच्या काचेमागे नवाकोरा लाल ट्रक उभा होता. त्याच्या दारावर लेसी हॅम्ब्रिकचा हा एवढा मोठा फोटो चिकटवून झाला होता. केक आला होता, केक कापायची सुरीसुद्धा आली होती. लेसी म्हणजे बिटर क्रीक विद्यापीठाची सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, वय एकवीस, आणि ओक्लाहोमात तिचं नाव न ऐकलेला माणूस सापडला तर तो बहिराच असणार. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूने दुकानदाराकडून फुकट बर्गर खाल्लं तरी चौकशी लागायची. आता जाहिरातींचे पैसे उघड घेता येतात. डिलार्ड तिला वर्षभर आपल्या ट्रकांचा चेहरा करणार होता.

"बेटा, हे काय आहे?" त्याने एक कागद तिच्यापुढे सरकवला.

कागद वाचता वाचता पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने उजवा हात नकळत पोटाशी धरला. "कुठून आला हा?"

"दाराच्या फटीतून. गाडी दुरुस्तीला देणारे लोक चावीचं पाकीट टाकतात ना, तसल्याच पाकिटात. वर नाव नाही, गाव नाही, पण ऐन सहीच्या दिवशी आलाय. हे बघ, माझा तुझ्यावर राग नाही. पण करारात साफ लिहिलंय, मोसमभर पिचिंग करायचं. आणि इथे तर उजव्या खांद्याचा एमआरआय दिसतोय, सर्जनची भेट दिसतेय."

केक तसाच राहिला, आणि संध्याकाळच्या आत ही गोष्ट गावभर झाली.

२

हा कागद दोन तासांत वर्ना क्रॅब्ट्रीच्या टेबलावर येऊन पडला. खेळाडूंचे करार नियमात बसतात की नाही, हे विद्यापीठात तीच बघायची. वय साठीला टेकलेलं, नवरा गेल्या वर्षी कॅन्सरने गेलेला, जीभ तिखट. ह्या नोकरीआधी तीस वर्षं जिल्हा कोर्टात कारकुनी केलेली, त्यामुळे माणसापेक्षा कागदावर तिचा भरवसा जास्त.

कागद घेऊन आला होता केंडल श्राइव्हर. खेळाडूंना जाहिरातदार मिळवून देणं, फोटो काढून देणं, कर कसा भरायचा ते शिकवणं, ह्यासाठी विद्यापीठाने एक कक्ष काढला होता. केंडल त्याचा प्रमुख.

"लेसीचा ब्रँड संपला, मिस वर्ना."

"ती पोरगी आहे, केंडल. साबणाची वडी नाही."

केंडलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्याने ते गिळलं. "तब्येतीचे कागद फक्त फिजिओकडे असतात. म्हणजे हे काम एमिलियो बाकाचं. खेळाडूची खासगी माहिती बाहेर फोडली, याला माफी नाही. उद्या पाच वाजता त्याला नारळ देणार. पत्र टाइप करून ठेवलंय."

"आणि त्याने केलंच नसेल तर?"

"मग पाचच्या आत मला दुसरं नाव द्या."

तो गेल्यावर वर्नाने कागद उजेडात धरला. वरची बोटभर पट्टी फाडलेली होती, त्यामुळे कोणाचं नाव नाही, पत्ता नाही. फाटलेल्या कडेला ठळक मोठ्या अक्षरांचे नुसते पाय उरले होते, डोकी गायब. खाली तारीख, 'उजवा खांदा, एमआरआय', आणि दुसऱ्या ओळीत सर्जनची भेट. कागदावर दोन आडव्या घड्या होत्या. शिवाय तो सरळ पडेचना. टेबलावर ठेवला की आपोआप गोल वळायचा, नळीत ठेवलेल्या कॅलेंडरसारखा. तिने त्यावर चहाचा पेला ठेवला आणि एमिलियोला बोलावलं.

एमिलियो आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. बारा वर्षं इथे पोरींचे घोटे बांधणारा माणूस.

"तू फोडलंस का रे?"

"नाही."

"पण तुला माहीत होतं, तिचा खांदा गेलाय?"

तो बोटाला चिकटलेला पट्टीचा तुकडा खरवडू लागला.

"एमिलियो, तुझं पत्र टाइप झालंय. दोन लेकरं आहेत तुला. बोल."

"हात लावल्यावर कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, तपासून घे. ती रडायला लागली. म्हणाली, लिहू नका, करार होऊ द्या, मग मी थांबते. मी लिहिलं नाही. ती माझी चूक, त्याची शिक्षा द्या. पण मिस वर्ना, तिच्या तपासणीचा कागद मी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. आमच्या फायलीत तसा कागद नाहीच."

वर्नाने स्वतः फाईल काढून बघितली. खरंच नव्हता.

३

लेसी सरावाच्या कुंपणाजवळ भेटली. कुंपणाला टेकून, टोपी उलटी घालून, तिचा बाप बसला होता. डॉयल हॅम्ब्रिक बसला होता अर्थातच बादलीवर. ओक्लाहोमात पोरगी पिचर झाली की बाप बादलीवर बसतो. चेंडूंची मोठी प्लास्टिकची बादली, तिला गादीचं झाकण, त्यावर बाप, हातात ग्लव्ह, आणि पोरगी टाकते ते चेंडू झेलायचे. वर्षानुवर्षं. डॉयल तेरा वर्षं बसला होता. गुडघे त्याचे वाकडे झाले होते, पण घरी असला की एकही रविवार चुकला नव्हता.

"बसा ना, मिस वर्ना," तो उठू लागला. मग झाकण उघडून त्याने आतून शेंगदाण्यांची पिशवी काढली, पेन्सिल काढली, बाजूला सुरळी करून खोचलेला सामन्यांचा तक्ता जरा आत ढकलला. त्याचं सगळं घरच त्या बादलीत होतं. "खा. लेसी, मॅडमना सांग काय ते. मी गाडीत बसतो."

"कामावर नाही आज?" वर्नाने विचारलं.

"दोन आठवडे तेलाच्या विहिरीवर, दोन आठवडे घरी. सोमवारी परत चढायचं."

"एकसष्टाव्या वर्षी विहिरीच्या त्या मनोऱ्यावर?"

"पगार बरा आहे, नोकरीतून सगळ्या घराला मिळणारा आरोग्य विमा त्याहून बरा. लेसी चौदाची असताना हिचं कोपर मोडलं, तेव्हा विमा नव्हता. म्हणून लागलो. नाहीतर मी सुतार माणूस." तो लेसीकडे वळला. "दुखतंय का, पोरी?"

"नाही, डॅडी."

तो मान डोलावून हळूहळू गाडीकडे गेला. चालताना एक हात कमरेवर होता.

"रोज विचारतो," लेसी पुटपुटली.

"आणि तू रोज खोटं बोलतेस."

तिचे डोळे भरून आले. "गेल्या हिवाळ्यात तो वरून घसरला, मिस वर्ना. दोन पायऱ्या. मला सांगितलंसुद्धा नाही, मित्राने सांगितलं. डिलार्डचे पैसे आले असते ना, तर त्याला खाली उतरवणार होते मी. एक मोसम. फक्त एक मोसम दात आवळून काढायचा होता."

"आणि हात कायमचा गेला असता तर?"

"हात माझा आहे."

वर्नाला उद्या पाचच्या आत नाव हवं होतं. "तपासणी कुठे केलीस?"

"विचिटाला. तीन तास गाडी चालवत, एकटी. मुद्दाम दुसऱ्या राज्यात, म्हणजे इथल्या कोणाच्या कानावर जायला नको. काउंटरवर कार्ड दाखवलं, अर्ज भरला, झालं. रिपोर्ट माझ्या फोनवर आला."

"छापून कोणाला दिलास?"

"छापलाच नाही. कागद असा नव्हताच. म्हणून तर मला कळेना. जो कागद निघालाच नाही, तो डिलार्डकडे पोचला कसा?"

४

शुक्रवारी सकाळी वर्नाने शेल्बी टकरला गाठलं. शेल्बी ही दुसऱ्या क्रमांकाची पिचर. लेसी बसली की शेल्बीच उतरणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शिवाय शेल्बीची गाडी ह्याच आठवड्यात डिलार्डकडे दुरुस्तीला होती.

"म्हणजे मी चोर," शेल्बी फणकारली. "बोला ना सरळ."

"चोर म्हणाले का मी? तुला माहीत होतं का, तेवढं सांग."

"सगळ्या संघाला माहीत होतं! वर उसळणारा चेंडू हे लेसीचं हत्यार. आधी चाळीसात पंधरा टाकायची. आता दोन. तेही तोंड फिरवून, म्हणजे कोणाला तोंड दिसायला नको." शेल्बीचा आवाज खाली आला. "महिनाभर तिचे केस मी बांधते, मिस वर्ना. तिला हात डोक्याच्या वर नेता येत नाही. मला तिची जागा हवीय, हो, हवीय. पण अशी नको."

ही पोरगी खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस केसांची गोष्ट सांगत नाही.

राहिला केंडल. त्याला लेसीसाठी डिलार्डपेक्षा मोठी बुटांची कंपनी हवी होती, हे वर्नाला ठाऊक होतं. करार मोडला तर त्याचं फावलं असतं. तिने तोंडावरच विचारलं.

"वेडबिड लागलंय का?" केंडल ओरडला. "फाटलेल्या खांद्याच्या पोरीला कुठली कंपनी दारात उभी करेल? मी खांदा लपवूनच तिला विकलं असतं!"

बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली असावी, कारण तो खिडकीबाहेर बघू लागला. वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माणूस वाईट असला म्हणून तो ह्याच गुन्ह्याचा धनी होत नाही, आणि केंडल खरं बोलत होता.

दुपारचे बारा वाजले होते. तीन माणसं, तिन्ही निर्दोष दिसत होती, आणि पाच तासांनी एमिलियोची बारा वर्षं कचऱ्यात जाणार होती.

५

वर्ना जेवायला घरी गेली. दारातल्या पेटीतलं टपाल टेबलावर टाकलं, बर्फाचा चहा ओतला, आणि तो कागद पुन्हा पुढ्यात घेतला.

डॉक्टरचा कागद काय सांगतो? काय बिघडलंय ते सांगतो. फाटलंय, सुजलंय, कापावं लागेल. आणि ह्या कागदात काय बिघडलंय त्याचा एक शब्द नव्हता. फक्त काय काय केलं, कधी केलं. बिघाडाशी कर्तव्य नाही, केलेल्या कामाची नोंद तेवढी हवी, असं कोणाला असतं?

तिचं लक्ष दोन आडव्या घड्यांकडे गेलं. कागदाचे तीन सारखे भाग. हाताने घडी घालणारा माणूस अशी घालत नाही, यंत्र घालतं, पत्त्यासाठी पारदर्शक खिडकी असलेल्या पाकिटात बसावी म्हणून. हा कागद टपालाने आला होता.

तिने आजचं टपाल पाहिलं. त्यात तसलंच एक पाकीट होतं. तिने ते फाडलं नाही. उठली, आणि कपाटाचा खालचा खण उघडला. तिचा नवरा रॉय गेल्यावरही पाच महिने ही पत्रं येत होती. विमा कंपनीची. अमुक तारखेला केमोथेरपी, अमुक तारखेला रक्त. माणूस मातीत गेला तरी पत्रं चालूच. तिने एकही फेकलं नव्हतं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. प्रत्येकाच्या माथ्यावर ठळक मोठ्या अक्षरांत एकच वाक्य असायचं, 'हे बिल नाही'. अमेरिकेतलं प्रत्येक घर ते वाक्य ओळखतं.

वर्नाने रॉयचं एक पत्र त्या फाटक्या कागदाच्या वर धरलं. अक्षरांचे पाय तंतोतंत जुळले.

कार्ड! लेसीने काउंटरवर कार्ड दाखवलं होतं, आणि ते पैशांचं कार्ड नव्हतं. चौदाव्या वर्षापासून पाकिटात असलेलं विम्याचं कार्ड. पोरगी तीन तास गाडी चालवत दुसऱ्या राज्यात गेली, गावाला चुकवलं, फिजिओला चुकवलं, सगळ्यांना चुकवलं. आणि विमा कंपनीने केलं ते जे ती नेहमी करते. ज्याच्या नावावर विमा, त्याच्या घरी पत्र.

मग तिला गोल वळणारा कागद आठवला, आणि बादलीच्या भिंतीला सुरळी करून खोचलेला तक्ता आठवला. वर्नाने रॉयची पत्रं परत खणात ठेवली. हे नाव केंडलला द्यायला तिची जीभ रेटेना.

६

डॉयल अंगणात होता, बादलीवरच. समोर चेंडू टाकायला कोणी नव्हतं. तिला बघून तो उठला नाही.

"कळलं तुम्हाला," तो म्हणाला.

"कळलं, डॉयल."

"वरची पट्टी मी फाडली. माझं नाव होतं ना तिथे. आठवडाभर बादलीत ठेवून त्यावर बसलो होतो. एमिलियोचं आत्ता सकाळी कळलं मला. देवाशपथ सांगतो, मला वाटलं डिलार्ड गुपचूप नाही म्हणेल आणि विषय संपेल. तो भला माणूस आहे. कोणाच्या पोटावर पाय यावा असं नव्हतं माझ्या मनात."

"पोरीशी सरळ का नाही बोललात?"

त्याने ग्लव्ह उलटा केला, सुलटा केला. "पत्र यायच्या आधीच कळलं होतं मला. तेरा वर्षं झेलतोय. चेंडू ग्लव्हमध्ये आला की फाडकन वाजायचा. हिवाळ्यापासून तो आवाज गेला. मी विचारायचो, दुखतंय का. ती म्हणायची नाही. मीही तेच म्हणतो ना तिला, कमरेचं विचारलं की. माझ्याकडूनच शिकली." त्याने डोळे पुसले. "पत्र तिच्या तोंडावर धरलं असतं, तर ती म्हणाली असती, तुझ्यासाठी करतेय. मग मी काय बोलणार होतो, मिस वर्ना?"

वर्ना शेंगदाण्याच्या टरफलांकडे बघत राहिली. "मी हे नाव देणार नाही. पण पाच वाजता एमिलियोची नोकरी जाईल."

"तुम्ही नका देऊ," डॉयल उठला. त्याचे गुडघे कडकड वाजले. "मी येतो. फक्त लेसीला तिथे बोलवू नका."

७

पण लेसी तिथेच होती. एमिलियोची बाजू मांडायला ती आपणहून आली होती. पावणेपाचला डॉयल टोपी हातात घेऊन आत शिरला, आणि दारामागे उभ्या असलेल्या मुलीकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"तो कागद माझा आहे," त्याने केंडलला सांगितलं. "विम्याचं पत्र. मीच टाकलं डिलार्डच्या दारात. फिजिओचा काडीचा संबंध नाही. लिहून आणलंय, खाली सही आहे."

केंडलचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? स्वतःच्या मुलीचा करार?"

"डॅडी."

डॉयल गर्रकन वळला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा दिसला.

"तू केलंस?" लेसीचा आवाज चिरकला. "एक मोसम होता, डॅडी! मी तुला उतरवणार होते तिथून! मी कोणासाठी करत होते?"

"माहीत आहे मला."

"माहीत होतं आणि तरी केलंस?"

"माहीत होतं म्हणूनच केलं. मी मनोऱ्याची शिडी कशासाठी चढतो, पोरी? ह्या हातासाठीच ना? तो मोडून तू मला खाली उतरवलंस, तर खाली येऊन मी बघू काय?"

लेसी तोंड फिरवून भिंतीकडे उभी राहिली. आता ही बापाशी जन्मात बोलायची नाही, असं वर्नाला वाटलं. डॉयल दोन पावलं पुढे गेला, हात लावायचा धीर झाला नाही, तसाच उभा राहिला.

"दुखतंय का, पोरी?"

लेसीने कपाळ भिंतीला टेकवलं.

"हो," लेसी भिंतीलाच म्हणाली. "खूप दुखतंय, डॅडी. केससुद्धा बांधता येत नाहीत मला." आणि मग ती हमसाहमशी रडू लागली, आठ वर्षांच्या मुलीसारखी, आणि डॉयलने तिला जवळ घेतलं, दुखरा खांदा सांभाळून.

वर्नाने टेबलावरचं टाइप केलेलं पत्र उचललं आणि केंडलच्या डोळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले. एमिलियो बाहेरच्या बाकावर बसून होता, निरोपाची वाट बघत. तिने त्याला हाक मारली. त्याने आत डोकावून एकदा पाहिलं आणि बर्फाची पिशवी नि पट्टी घेऊन आला.

"ऑपरेशन लागेल," तो हळूच म्हणाला. "आणि नंतर वर्षभर व्यायाम. खर्चाचं काम आहे."

"विम्यात बसतं," डॉयल म्हणाला. "सकाळीच फोन करून विचारून घेतलं."

"म्हणजे सोमवारी?" वर्नाला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"सोमवारी जायला हवं ना. नोकरी आहे तोवर विमा."

लेसीने ते ऐकलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. ज्या शिडीवरून बापाला उतरवायला निघाली होती, ती शिडी त्याला आता तिच्याच खांद्यापायी आणखी वर्षभर चढायची होती. ती काही म्हणायला गेली, पण डॉयलने मान हलवली. एमिलियोला पट्टी नीट गुंडाळता यावी म्हणून त्याने तिचा हात कोपरापाशी अलगद धरला आणि जेवढा वर जात होता, तेवढाच वर नेला.